नागू वेळीप आणि टिटवीची तुकडी

करंजवाड्यात नागू वेळीपच्या दारात कुणी नवखा माणूस आला, की नागू त्याच्या तोंडाकडं बघत नाही, पायांकडं बघतो. काळे बूट असले तर पोलीस. खाकी कापडी बूट असले तर जंगल खातं. चकचकीत चप्पल असली तर मतं मागणारा, नाहीतर विमा विकणारा. एवढं त्याचं शास्त्र पक्कं आहे. बसच्या कंडक्टरनं दिलेलं तिकीट तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघतो. एका संस्थेनं वाड्यावर घरटी एक सोलर दिवा फुकट वाटला, तेव्हा नागूनं आपला दिवा सहा महिने गोठ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. फुकट दिलंय म्हणजे आत काहीतरी असणारच, आणि जे असेल ते आधी म्हशीला कळू दे, असा त्याचा विचार. म्हशीला काही झालं नाही, तेव्हा दिवा घरात आला. पण देवापासून लांबच.

लोक हसतात. हसू देत. कॅसलरॉकच्या खालच्या अंगाला, रानातून स्टेशनापर्यंत पाच तासांची वाट असलेल्या त्या बारा घरांच्या वाड्यावर दुसरी करमणूक तरी काय आहे? पण हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. नागू जन्मापासून संशयी नव्हता. चोविसाव्या वर्षापर्यंत तो चारचौघांसारखाच होता, कुणी काही सांगितलं तर तोंड उघडं टाकून ऐकायचा. मग त्याचा बाप वासू आजारी पडला. मरणाच्या आठ दिवस आधी तो काठी टेकत टेकत पोराला रानात घेऊन गेला, देवाच्या राईच्या वरच्या अंगाला, एका बेहड्याच्या झाडाखाली. तिथं दगडांची एक रास होती, माणसाच्या लांबीची.

“तुज्या आज्यानं पुरलाय,” वासू म्हणाला. “गोरा सायब. इमानातला. कुनाला सांगू नको, कुनाला खणू दिऊ नको.”

“मेला कशानं?”

वासू नुसता रडला. त्याच्या बापानं, म्हणजे गुणाआज्यानं, ते त्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

करंजवाड्याला मात्र उत्तर ठाऊक होतं, निदान ठाऊक आहे असं गाव समजत होतं. ऐंशी वर्षांमागं, दुसऱ्या महायुद्धात, या रानात विमान पडलं. सोजीर शोधायला आले आणि हात हलवत गेले. त्याच शिमग्याला गुणा वेळीप मांडावर आला नाही. मांड ही कुणब्यांच्या गावाची देवाची जागा; शिमग्याला घरटी एक पुरुष तिथं उभा राहायलाच हवा. गुणा त्या दिवसांत वर रानातल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, एकटा बसून होता. खाली उतरला तो डोकं आणि मिशी सफाचट करून. घरात तर कुणी मेलेलं नव्हतं. मग मिशी कशाला काढली? लोक म्हणाले, ओळखू येऊ नये म्हणून, दुसरं काय! गोऱ्याला कोयत्यानं तोडला, त्याच्या अंगावरचं लाटलं, आणि रक्ताचे हात घेऊन मांडावर यायची छाती झाली नाही. गावच्या बुधवंतानं, म्हणजे मुख्य माणसानं, त्याला चारचौघांत विचारलं. गुणा गप्प. बुधवंत म्हणाला, बोलशील तेव्हा मांडावर ये. गुणा मरेपर्यंत बोलला नाही. तेव्हापासून त्याच्या घरचा माणूस शिमग्याला मांडाच्या कडेला, दगडांच्या ओळीबाहेर उभा राहतो. आधी गुणा राहिला, मग वासू, आणि आता नागू. ढोल घुमायला लागले की सगळ्यांचे पाय हलतात. नागू पायाचा अंगठासुद्धा हलू देत नाही.

पण खरं सांगायचं तर नागूला गावाचं भय नव्हतं. भय होतं आज्याचं. ते दगड बाजूला झाले आणि आतल्या कवटीवर कोयत्याची खाच निघाली, तर? गाव म्हणतं ते खरं निघालं, तर? बेचाळीस वर्षं हा प्रश्न पोटात घेऊन हिंडणारा माणूस सोलर दिवा भिंतीकडं तोंड करून ठेवणार नाही तर काय करणार!

तर गेल्या माघात, सकाळी नऊच्या सुमाराला, नागूच्या दारात एक मोटारसायकल थांबली. उतरणाऱ्याच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, शाळेत पीटीच्या तासाला घालतात तसले. हे बूट नागूच्या शास्त्रात बसत नव्हते. तो तिथंच सावध झाला.

“मी यशवंत होनगेकर. रामनगरास्नं आलोय. एअरफोर्समधनं रिटायर झालोय.”

“मेजर व्हय?”

“मेजर न्हवं वो. सार्जंट. विमानाचा फिटर होतो मी.”

“बरं, मेजर. काय काम काढलं?”

आपल्याकडं फौजेतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही. होनगेकरांनीही नाद सोडला. सत्तरीचा माणूस, ताठ, बारीक. काखेत रबरबँड लावलेली फाईल. ओसरीवर बसून त्यांनी आधी आपल्या पणज्याची गोष्ट काढली. नागू मनात म्हणाला, स्वतःच्या पणज्यानं सुरुवात करणारा माणूस शेवटी आपल्या आज्यावर येणार.

होनगेकरांचा पणजा खानापूरचा शिंपी. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला बोटीत घालून बसऱ्याला नेलं. तिथं विमानांची एक तुकडी होती, नुकतीच उभी केलेली. तिच्या बिल्ल्यावर टिटवी होती.

“टिटवी?” नागू पुढं सरकला. “त्यास्नी दुसरं पाखरू गावलं न्हाई? रातचं वरडनारं, अपशकुनी!”

“इंग्रजास्नी काय म्हाईत अपशकुन. ती आपली अंडी सोडून जात न्हाई, जीव गेला तरी. म्हणून घेतली म्हणे.”

तेव्हा विमानाचे पंख कापडाचे असत. लाकडी सांगाड्यावर कापड ताणायचं, मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं, वरून उग्र वासाचं रोगण फासायचं, की कापड ढोलाच्या कातड्यासारखं घट्ट होई. विमान उडवायला गोरे, पण पंख शिवायला खानापूरचा शिंपी. उन्हानं रोगण तडकायचं, उंदीर कापड खायचे, गोळ्यांनी भोकं पडायची, आणि पणजा रोज संध्याकाळी ठिगळं लावत बसायचा. एकदा वेढ्यात अडकलेल्या फौजेला टिटवीच्या विमानांनी वरून पिठाची पोती टाकली. निम्मी नदीत पडली. पणज्यानं घरी आल्यावर ही गोष्ट जन्मभर सांगितली, आणि दर वेळी नदीत गेलेल्या पिठाबद्दल हळहळला. लढाई संपली, तुकडी मोडली. वीस वर्षांनी दुसरी लढाई आली, तेव्हा तेच नाव आणि तीच टिटवी घेऊन तुकडी पुन्हा उभी राहिली. आता पंख पत्र्याचे होते. ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढायला हिंदुस्थानात आली.

“त्या तुकडीचा दोन्ही लढायांचा इतिहास लिहितोय मी,” होनगेकर म्हणाले. “तिचं एक विमान इकडच्या रानात पडलं. तुमच्या घरात कधी कुणी...”

“न्हाई,” नागू म्हणाला. प्रश्न अजून संपलाही नव्हता.

एवढ्यात नागूची बायको तुळजा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिच्यामागं, दाराच्या आत, भाताची कणगी होती आणि कणगीवर पत्र्याचं झाकण. होनगेकर पाणी प्यायला उठले ते सरळ त्या झाकणापाशी गेले. पत्रा करड्या रंगाचा, कडेला गोल डोक्याच्या खिळ्यांची ओळ, एकेक बोटाच्या अंतरानं, कुठंही चूक नाही. ज्यानं उभं आयुष्य विमानांना रिव्हेट ठोकण्यात घालवलं, त्याला ती ओळ बघून दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती. त्यांनी नखानं पत्रा वाजवला, आणि झाकण जसं होतं तसं ठेवलं.

“लोंढ्याच्या बाजारातनं आनलंय,” नागू म्हणाला.

कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. आपल्या तोंडातून काय निसटलं ते नागूला लगेच कळलं. होनगेकरांनी नुसती मान हलवली, तांब्या खाली ठेवला आणि ते बुटाच्या नाड्या बांधायला लागले. जाताना म्हणाले, “रामनगरात शाळेच्या मागं घर हाय माझं. एक कागद वाचून दाखवायचा होता तुम्हाला. सवड झाली तर या.”

आता सांगा, माणसाला पुराव्यासकट पकडायचं आणि काही न विचारता निघून जायचं, याला काय म्हणायचं? पोलीस असता तर ओरडला असता. भंगारवाला असता तर भाव केला असता. नागूला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो बुधवंताकडं गेला. आताचा बुधवंत लाडू, ज्यानं गुणाला मांडाबाहेर काढलं त्याचाच नातू. जिभेला हाड नसलेला माणूस.

“सोनं शोधालाय त्यो,” लाडू म्हणाला. “न्हाईतर वाघाच्या रानातनं आमास्नी उठवायची नवी युक्ती. पुस्तक लिवतोय म्हनं! पुस्तकात काय लिवनार? तुजा आजा?”

“त्येच्या मनात काय हाय ते कळालं पायजे.”

“मग जा की. बघून ये. ऐंशी वर्सं झाली, तुज्या आज्याचं काय ते येकदाचं लागू दे निकालात.”

नागू गेला, पण सरळ नाही गेला. रामनगरला उतरून आधी तो न्हाव्याकडं बसला. दाढी करून घेतलेलीच होती, तरी पुन्हा करून घेतली, आणि होनगेकर कसा माणूस आहे ते आडून विचारलं. न्हावी म्हणाला, “येडं हाय ते. दिसभर जुनी कागदं चिवडतंय.” चहावाला म्हणाला, भला माणूस. किराणा दुकानदार म्हणाला, लय भला माणूस. एवढे सगळे एकच सांगतात म्हटल्यावर नागूचा संशय दुप्पट झाला. तो शाळेमागं उभ्या असलेल्या एका ट्रकच्या आडोशाला थांबून घरावर नजर ठेवून राहिला. तासभर झाला असेल. ट्रक चालू झाला आणि निघून गेला, नागू भर उन्हात उघड्यावर.

“नागूअण्णा,” होनगेकरांनी खिडकीतून हाक मारली. “उन्हात कशाला उभं? चहा कधीचा ठेवलाय.”

आतल्या खोलीत एक अख्खी भिंत कागदांनी भरली होती. डावीकडं पहिली लढाई: तपकिरी फोटो, कापडी पंखांची विमानं. उजवीकडं दुसरी. मधे नावांच्या दोन लांब याद्या, पहिल्या लढाईत मेलेले आणि दुसऱ्या लढाईत मेलेले. प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं गावाचं नाव लिहिलेलं, जिथं माणूस पुरलाय ते. बसरा. बगदाद. चितगाव. इंफाळ. दुसऱ्या यादीत एका नावापुढं मात्र जागा कोरी होती.

“टॉमस ऍश्टन,” होनगेकर म्हणाले. “पायलट. वय चोवीस. दोन्ही लढायांत मिळून टिटवीचा हा एकच माणूस, ज्याचा ठिकाणा न्हाई. घरचे वाट बघून बघून गेले. हा एक लागला की माझं पुस्तक झालं.”

चोवीस. बेहड्याखाली उभं राहिलो तेव्हा आपलंही वय तेवढंच होतं, हे नागूच्या मनात आलं आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

होनगेकरांनी फाईल उघडली. ब्रह्मदेशात टिटवीची विमानं रानावर बॉम्ब टाकायची; गोळ्यांनी मेले त्यांच्याइतकेच हिवतापानं मेले. मोडलेलं विमान दुरुस्तीला मागं पाठवत. असंच दोन माणसांचं एक विमान बंगळूरला दुरुस्त झालं आणि १९४४च्या मार्चच्या चार तारखेला पुण्याकडं निघालं. धुरकट हवेत वाट चुकलं आणि घाटात कोसळलं. पायलट ऍश्टन, आणि वाट दाखवणारा रीड, वय वीस. सहा तारखेला रेल्वेच्या गँगमनना रीड कॅसलरॉकच्या अलीकडं रुळाजवळ पडलेला सापडला. तो वाचला. दवाखान्यात त्यानं दिलेली जबानी होनगेकरांना विलायतेतल्या दप्तरातून मिळाली होती. इंग्रजी कागद बोटानं धरून ते एकेक ओळ मराठीत सांगत गेले.

“दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस आला. कमरेला मागं कोयता लावलेला. त्यानं आम्हाला पानाच्या द्रोणातून पाणी पाजलं. ऍश्टनचे दोन्ही पाय मोडले होते, पण तो शुद्धीवर होता, बोलत होता. माझ्या पोटाला लागलं होतं. त्या माणसानं आम्हा दोघांकडं बराच वेळ बघितलं. मग मला पाठीवर घेतलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मधूनमधून जाग यायची तेव्हा तो चालतच असायचा. रुळाजवळ आल्यावर त्यानं मला सावलीत ठेवलं. गँगमन येताना दिसले तसा तो उठला, रानाकडं बोट केलं आणि माघारी पळत सुटला. इतका दमलेला माणूस पळू शकतो, असं मला वाटलं नव्हतं.”

होनगेकर थांबले. नागूच्या हातातला चहा गार झाला होता.

नागू माणूसच असा, की ज्या कागदानं आनंदानं उडी मारायला हवी, त्याच कागदाकडं तो डोळे बारीक करून बघायला लागला. दोघांतला एकच उचलला. एकाला जित्ता ठेवून आला.

“कुनाला न्ह्यायचं, ते कुनी ठरवलं?” त्यानं विचारलं. “त्या पायलटनंच सांगितलं का, ह्येला ने म्हनून?”

“लिहिलेलं न्हाई.”

“आनि परत गेल्यावर आज्यानं काय केलं?”

आज्यानं. शब्द निसटला. होनगेकरांनी तो ऐकला, पण झडप घातली नाही. फाईल मिटून मांडीवर ठेवली.

“ते कुणीच बघितलेलं न्हाई, नागूअण्णा. माझ्याकडं त्याचा कागद न्हाई. असल्याशिवाय कसं सांगू?”

नागू त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. पायांकडं नाही, तोंडाकडं. गोड बोलून काढून घ्यायला आलेला माणूस या जागी काहीतरी गोड बोलला असता. तुमचा आजा देवमाणूस होता, असं म्हणाला असता. हा म्हणतोय, माझ्याकडं कागद नाही. पण विश्वास ठेवायची सवय गेलेल्या माणसाला ती एका बैठकीत परत येत नाही. तो उठला, “बगू,” म्हणाला आणि बसस्टँडकडं चालू लागला. बसमध्ये उलट एक नवाच संशय त्याच्या डोक्यात शिरला. आजा परत गेला, बरोबर. पण जित्ता गोरा म्हणजे जित्ता साक्षीदार. गुणाआजा त्या रानात कुमरी तोडत होता, म्हणजे झाडं पाडून, जाळून नाचणी पेरायची जागा करत होता. सरकारनं बंद केलेलं काम, सापडला तर तुरुंग. मग परत गेला तो पाणी घेऊन, की कोयता घेऊन?

दुपारी घरी पोचला तेव्हा तुळजा अंगणात कणगं, म्हणजे रताळ्यासारखे कंद, सोलत बसली होती. नागू तिच्यासमोर बसला, आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यानं तिला सगळं सांगितलं. बेहडा, दगडांची रास, कवटीवरच्या खाचेचं भय, रामनगरचा कागद, सगळं.

तुळजा आधी भडकली. भडकणारच! “चाळीस वर्सं माज्या भाताच्या कणगीवर इमानाचं झाकन, आनि मला म्हनं लोंढ्याचा बाजार! मी काय पोलिसाची लेक हाय व्हय?” बराच वेळ ती बोलत राहिली आणि नागू खाली मान घालून ऐकत राहिला. मग बोलता बोलताच ती थांबली.

“इमान पडलं ते कंच्या दिसात म्हनाला त्यो मेजर?”

“मार्चच्या चार तारखेला. होळी पाच-सा दिसावर हुती.”

तुळजानं हातातलं कणगं सुपात ठेवलं.

“तुमच्या आजीनं माज्या सासूला सांगितल्यालं, सासूनं मला. त्या सालच्या शिमग्यात आज्याला वर माळ्यावर जेवान पोचवायला आजी जायाची. आनि त्येनं बजावल्यालं, मीठ घालू नको. दहा दिस. सनाच्या दिसातबी अळणी. आजी म्हनायची, शिमग्यात घरच्या मानसाला बिनमिठाचं घातलं, मला लई वंगाळ वाटलं. मला वाटलं काय पोटाचं दुकनं असंल.” ती नवऱ्याकडं बघत म्हणाली, “दहा दिस अळणी. मांडावर पाय न्हाई. दहाव्याला डोई आनि मिशी. अवो, ह्ये काय हाय?”

नागूला ते दिसलं, आणि दिसल्यावर तो हादरला. सुतक. आजा दहा दिवस सुतकात बसला होता. सुतकातला माणूस देवाच्या मांडावर पाय ठेवत नाही, एवढंच. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक; पण सुतक भाऊबंदाचं असतं. परक्याचं, आणि तेही गोऱ्याचं सुतक कुणी धरेल, हे करंजवाड्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. म्हणून मग मिशी काढली ती पोलिसांना चुकवायला, आणि मांडावर आला नाही तो रक्ताच्या हातांमुळं.

“मग सांगितलं का न्हाई त्येनं? मांडावर इचारलं तवा का गप्प बसला?”

“काय सांगनार? कुमरीचं सांगितलं तर तुरुंग. आनि दुसरं...” तुळजाचा आवाज खाली आला. “एकाला उचलून एकाला ठिवून आलो, ह्ये देवाच्या जाग्यात कुठल्या तोंडानं सांगायचं वो?”

“परत गेल्यावर त्येनंच मारला असंल तर?” नागूनं विचारलं. ते त्याला विचारावंच लागलं.

तुळजानं त्याच्याकडं असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. “मारनारा मानूस दहा दिस अळणी खाईल व्हय? गप बसा आता.”

आणि नागू वेळीप गप्प बसला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पुढचा प्रश्न सुचला नाही. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

आठवड्यानं होनगेकर पुन्हा आले. नागूनंच निरोप धाडला होता, आणि लाडू बुधवंतालाही बोलावलं होतं. तिघं सकाळीच राईच्या वाटेला लागले. वाटेत नागूनं लाडूला सगळं सांगितलं, मिठाचंही. लाडू ऐकत होता, पण तोही याच गावचा.

“दगडं काडून बगूया की,” तो म्हणाला. “म्हंजे कुनाच्या मनात काय र्‍हायला नको.”

“आपण हात लावायचा न्हाई,” होनगेकर म्हणाले. “लढाईत मेलेल्या माणसांचं बघायला वेगळं ऑफिस असतं. मी कळवतो. ते रीतसर येतील.”

‘रीतसर’ हा शब्द ऐकून नागूच्या कपाळावर आठी उमटली. रीतसर आलेल्या कुणीही या रानात आजवर काही चांगलं केल्याचं त्याला आठवत नव्हतं. तरी तो पुढं होऊन वाट दाखवत राहिला.

बेहड्याखाली दगड होते तसेच होते, शेवाळलेले. होनगेकरांनी बूट काढले, टाचा जुळवल्या आणि सत्तरीतला तो माणूस सॅल्यूट करून ताठ उभा राहिला. मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून नाव वाचलं, तुकडीचं आणि माणसाचं, मोठ्यानं. 

लाडू बुधवंत रासेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. दगड नीट रचलेले होते, मोठे कडेला, बारके मधे; डोक्याकडची बाजू दक्षिणेला, आपल्या माणसाची ठेवतात तशी. तो बराच वेळ तिथं वाकून बघत राहिला. त्याच्या आज्यानं जे केलं त्याचं ओझं आता त्याच्यावर आलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“नागू,” तो म्हणाला, “यंदा शिमग्याला मांडाच्या आत उभा रा. मी हाताला धरून नेतो तुला. समद्यांसमोर सांगतो.”

हे ऐकण्यासाठी वासूनं जन्म काढला होता. पण नागूचं तिकडं लक्षच नव्हतं. तो दगडांपाशी उकिडवा बसला होता. त्यानं एक सुकलेलं पान उचलून बाजूला टाकलं, मग दुसरं, आणि मग दगडांखालच्या गोऱ्याशी बोलताना त्याचा आवाज एकदम चढला, घरच्या माणसाशी भांडताना चढतो तसा.

“दम धरायचा न्हाई व्हय रं जरा? आमचा आजा परत आल्ता. पळत आल्ता रं तुज्यासाटनं.”